रडता येणारा डोळा

“मॅडम, त्या नव्या डोळ्यानं रडता येतं का?”

मी हे विचारलं आणि नेत्रछाया रुग्णालयाचा अख्खा हॉल खो खो हसला. शनिवारी तिथं पेशंटच्या घरच्यांना जमवतात. डॉक्टर समोर बसतात आणि ज्याला जे हवं ते विचारता येतं. लोक बिचारे शहाण्यासारखं विचारतात. डोकं कधी धुवायचं, मटण कधीपासून चालेल, गाडी चालवली तर चालेल का. आणि मी विचारलं हे!

पैज मिसबाह आणि ज्ञानदाची होती. दोघी माझ्या वर्गातल्या, दहावी ब. माझ्या खिशातल्या फोनवर कॉल चालू होता आणि तिकडून दोघी कान लावून बसल्या होत्या. “फार तोंड फुटलंय ना तुला? मग भर हॉलमध्ये विचारून दाखव. पाणीपुरी आमच्याकडून, पोट फुटेपर्यंत,” असं ज्ञानदा म्हणाली होती.

तोंड फुटलंय हे खरंच आहे. नववीपर्यंत मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. मग गावच्या यात्रेत कुस्तीच्या मैदानावर निवेदकांचा घसा बसला. मुलींच्या कुस्त्या पुकारायला माणूसच नाही, म्हणून आमच्या खेळाच्या सरांनी माईक माझ्या हातात कोंबला. पहिलं वाक्य घशातच राहिलं. दुसऱ्याला हलगी कडाडली. तिसऱ्यापासून जी सुरू झालेय ती अजून थांबलेली नाही.

हेरवाडकर मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नाव काय तुझं?”

“ओवी चौगुले. पुरुषांच्या वॉर्डातले रणजित चौगुले माझे पप्पा.”

“ओवी, रडता येतं. आणि कसं येतं ते ऐकण्यासारखं आहे. डोळ्यांतलं पाणी दोन वाटांनी येतं. कांदा चिरताना येतं ती पहिली वाट. डोळ्याच्या पुढच्या काचेला, म्हणजे कॉर्नियाला, झोंबतं. तिथल्या नसा मेंदूला कळवतात आणि मेंदू अश्रूंच्या ग्रंथीला सांगतो, सोड पाणी. लेक सासरी निघाली की येतं ती दुसरी वाट. तिथं काचेचं काही काम नाही, ते सरळ मेंदूतून निघतं. आम्ही बसवलेल्या नव्या काचेत अजून नसा नसतात. म्हणून पहिली वाट बंद, दुसरी उघडी.”

“मग रडलेलं चालतं?” मी विचारलं.

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “पुढचा प्रश्न,” म्हणाल्या. पण पुढचे काका मटणाचं विचारत होते तेव्हाही त्या माझ्याकडंच बघत होत्या.

आता पप्पांचं सांगते. आमचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस उकळताना त्यातली मळी वर यावी म्हणून चुन्याची निवळी घालतात. त्यासाठी पप्पा पिंपात चुना भिजवत होते, तो फसकन उकळून उडाला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. गुऱ्हाळावर एकच गोंधळ. कुणी म्हणतंय तूप घाला, कुणी म्हणतंय दूध घाला. आईनं कुणाचंही ऐकलं नाही. पप्पांची मान धरली, पाण्याच्या मोटारीच्या पाइपाखाली घातली आणि पप्पा ओरडत असताना, हातपाय झाडत असताना, रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी सोडत राहिली.

उजवा डोळा गेला. डावा वाचला असं म्हणता येणार नाही, पण बुबुळाच्या कडेची एक चिमूटभर जागा आईच्या त्या पाण्यामुळं वाचली. आणि त्या चिमूटभर जागेतच सगळी जादू आहे. त्या कडेतल्या पेशी आयुष्यभर काचेला नवी कातडी पुरवत असतात. पूर्वी कुणी नेत्रदान केलं तर काच मिळायची, नाहीतर बसा वाट बघत. आता कडेतून तिळाएवढा तुकडा काढतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि एक यंत्र त्या पेशींचे थर एकावर एक घालत जातं. जिलबी घालतात तसं, फक्त धार केसाहून बारीक. तयार होते ती पेशंटची स्वतःचीच काच.

पट्टी काढली तेव्हा पप्पा म्हणाले, “ओवे, वेणी कुणी घातली ही? वाकडी आहे.” आमचं नाचायचंच बाकी होतं.

पण ती काच बधिर होती. मॅडम रोज कापसाचा एक तंतू तिच्यावर टेकवायच्या. तुमच्या-माझ्या डोळ्याला असा तंतू लागला तर आपण किंचाळून उठू. पप्पा शांत. पापणीही हलायची नाही. नसा कडेकडून हळूहळू आत वाढत याव्या लागतात. त्या आल्या नाहीत तर डोळा कोरडा पडतो आणि काच पातळ व्हायला लागते. काही पेशंटच्या नसा भराभर येतात, काहींच्या येतच नाहीत. का, ते कुणालाच कळत नव्हतं. पप्पांच्या काचेत एक बारीक खड्डा पडला होता. दर तासाला थेंब घालूनही तो वाढतच होता. आणि कडेत आता दुसरा तीळ काढायला जागाच नव्हती. ही काच गेली की संपलं.

यातली गंमत म्हणा किंवा काय म्हणा, गावात पप्पांना टाकी म्हणतात. कारण ते कशानंही रडतात. अनोळखी माणसाच्या लग्नात रडतात. कालवड विकली तेव्हा रडले, ती घेणारा त्यांना चहा पाजायला घेऊन गेला. चित्रकलेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं तेव्हा शिपाईकाकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

आणि ऑपरेशननंतर सिस्टरनी सांगितलं, “डोळ्याला पाणी लागू देऊ नका.” त्यांना म्हणायचं होतं नळाचं, अंघोळीचं. पण डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडं घरोघर पहिलं वाक्य काय असतं? “आता रडायचं नाही हं!” आईनं तर पहाराच बसवला. टाकी भरलेली, तोटी बंद. निपाणीची आत्या दारातूनच हुंदका काढते, म्हणून तिला जिन्यातूनच परत लावून दिलं. शेजारच्या बेडवरचे घाटगेकाका विनोद सांगतात, तर मध्ये पडदा ओढला. पप्पांच्या फोनमधली सगळी गाणी आईनं काढून टाकली. तालुक्याच्या मोठ्या मैदानासाठी निवेदक म्हणून यंदा चक्क माझं नाव ठरलं होतं, तेसुद्धा त्यांना सांगायचं नाही. आनंदानं रडले तर?

“आणि तसंही ते मैदान बास आता,” आई म्हणाली होती. “दहावी आहे. पुढं कॉमर्स घे आणि गुऱ्हाळाचं बघ. पप्पांचं असं झाल्यावर कुणीतरी बघायला नको?”

यावर मला बोलता आलं नव्हतं. मला! बोलता आलं नव्हतं!

त्या शनिवारी हॉलमधून बाहेर आले आणि व्हरांड्यात अक्काताई मगदूम भेटल्या. त्यांच्या डोळ्यात कडबाकुट्टीच्या यंत्रातला तुकडा उडाला होता आणि त्यांनाही तशीच नवी काच बसवली होती, पप्पांच्या नंतर. त्या बाकावर बसून फोनवर मालिका बघत रडत होत्या. रोजच्यासारख्या, अगदी मन लावून.

“अक्काताई, अहो डोळा!”

“माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? सकाळी डॉक्टरबाईनं दोरा लावला, तर मी तिच्या हातावर फाटकन मारलं. असं टोचलं! बाई उलट नाचायला लागली. म्हणाली, अक्का, तुम्ही पहिल्या नंबरात पास.”

“आणि घरचे तुम्हाला रडू देतात?”

“कोण हाय हितं अडवायला? सून येतीया, डबा ठेवतीया, जातीया. ती गेली की तिच्या नावानं रडतो. मग मालिका लागती, की त्या सुनेच्या नावानं रडतो.”

मी तिथंच उभी राहिले. कानात हलगी वाजायला लागली, शपथ. एक बाई दिवसभर रडते, तिच्या नसा आल्या. एका टाकीला आम्ही कडेकोट बंद केलं, तिच्या नसा आल्या नाहीत.

खिशातून मिसबाहचा आवाज आला. कॉल अजून चालूच होता. “ओवी, ऐकलंस ना? मॅडमकडं पळ की!”

मी पळाले. सिस्टर “अगं ए” म्हणेपर्यंत मी मॅडमच्या केबिनमध्ये होते. मॅडमच्या समोरच्या पडद्यावर सगळ्या पेशंटच्या काचांचे फोटो उघडलेले होते. म्हणजे त्याही तेच शोधत होत्या!

मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“एका अक्काताईंवरून सिद्धांत होत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्या प्रश्नानं माझं डोकं खाल्लंय. अश्रूंच्या ग्रंथीतून नुसतं पाणी येत नाही. त्यात नसांना वाढायला लावणारी प्रथिनं असतात, नसांचं खतच म्हण. आमच्या थेंबांत ती घालता येत नाहीत, बाटलीत टिकतच नाहीत. ती ताजीच मिळायला हवीत. आम्ही वर्षभर यंत्र सुधारत बसलो आणि पेशंट रडतात की नाही हे एकदाही विचारलं नाही.”

“मग कांदा?” मी म्हटलं.

“काचेला कळतच नाही, तर कांदा काय करणार?”

“तपकीर?”

“शिंकताना पापण्या गच्च मिटतात. खड्ड्यावर तसा दाब आला तर काचच फाटेल. नाही, दुसरीच वाट हवी. आतून आलेलं पाणी. तुझ्या पप्पांना रडवायला लागेल, आणि ते जमलं नाही तर माझ्याकडं दुसरा उपाय नाही. आईला बोलाव.”

आई आली. ऐकता ऐकता ताठ झाली.

“डॉक्टर, डोळ्याचं ऑपरेशन झालेल्याला रडवतात व्हय कुठं?” मग तिच्या लक्षात आलं. ती खुर्चीवर बसली, ओढणीचं टोक मुठीत धरलं. “म्हणजे... मीच अडवलं?”

“ताई, त्या दिवशी तुम्ही पाइप धरला नसता तर आज बोलायला काहीच उरलं नसतं,” मॅडम म्हणाल्या. “आणि रडू नका, रडू नका हे सगळ्या वॉर्डात चाललंय. आमच्या सिस्टरही म्हणतात, मीही मान डोलावलीय. ही चूक एकट्या तुमची कशी?”

आईनं नाक ओढलं. “काय करायचं सांगा.”

मला वाटलं होतं, पप्पांना रडवणं म्हणजे हातचा मळ. पण पप्पा कधी नव्हे ते पक्के झाले होते. बायकोनं सांगितलंय, डोळा जाईल, म्हणून माणसानं मनाचा दगड केलेला. आत्याला परत बोलावलं, ती धाय मोकलून रडली. पप्पा भिंतीकडं तोंड करून दात आवळून बसले. आईनं त्यांची सगळी गाणी परत फोनमध्ये भरली, तर यांनी कानांत कापूस घातला!

“पप्पा, मॅडम स्वतः सांगतायत रडा म्हणून.”

“सगळे मिळून मला फसवायलाय,” पप्पा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. “ओवे, एकच डोळा उरलाय गं. तुझं तोंड बघायचंय मला अजून.”

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पण माझ्या डोळ्यांना गरज नव्हती. मी पाण्याची बाटली उचलली, बुचाच्या बाजूनं तोंडाशी धरली आणि वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

“मंडळीऽऽऽ! आता सुरू होत आहे आजची शेवटची, मानाची, निकाली कुस्ती! लाल लांगेत मुरगूडचा पैलवान, दंड बघा, नुसते खांब! आणि निळ्या लांगेत आपल्या गावचा ढाण्या वाघ, रणजित चौगुलेऽऽऽ!”

घाटगेकाकांनी पडदा सारला. दारात अक्काताई आल्या, पाठोपाठ सिस्टर. हलगी नव्हती, तर घाटगेकाकांनी स्टीलचा डबा बडवायला घेतला.

ही कुस्ती सगळ्या गावाला पाठ आहे. पप्पा आयुष्यात एकदाच आखाड्यात उतरले होते, लग्नाच्या आधी.

“सलामी झाली! खडाखडी झाली! रणजितनं पट काढला आणि मुरगूडचा पैलवान खाली, मंडळी! रणजित वर! आता फक्त चितपट करायचं बाकी! आणि इतक्यात... इतक्यात मुरगूडच्या पैलवानाच्या डोळ्यांत लाल माती गेली! पैलवान म्हणतोय, आई गं! आणि आपला वाघ काय करतोय? आपल्या वाघानं पकड सोडली! वाघ पंचांना म्हणतोय, थांबा जरा! वाघानं पंचांचाच टॉवेल ओढलाय! टॉवेलचा बोळा केलाय! आणि मंडळी, भर आखाड्यात, पाच हजार माणसांसमोर, आपला वाघ त्या बोळ्यावर तोंडाची गरम वाफ सोडून मुरगूडच्या पैलवानाचा डोळा शेकतोय! आई शेकते तसा! म्हणतोय, बाळा, चोळू नको!”

अक्काताई दाराला धरून हसत होत्या. सिस्टरनी ट्रे खाली ठेवला. पप्पांची हनुवटी थरथरायला लागली.

“ओवे, गप. डोळा जाईल.”

“पैलवान म्हणतोय, दादा, आता दिसतंय, लई उपकार झाले! आणि उपकार झाल्या झाल्या त्यानं आपल्या वाघाला उचललाऽऽ, फिरवलाऽऽ आणि धाडकन पाठीवर...”

“खोटं!” पप्पा एकदम उठून बसले. “उपकार झाले म्हणाला आणि लगेच नाही आपटलं त्यानं! आधी पाया पडला माझ्या! मग आपटलं!”

वॉर्डभर जो हशा फुटला! आणि पप्पाही फुटले. आधी नाकातून फुसकन, मग पोटातून, मग खांदे गदागदा हलायला लागले आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पहिला थेंब गालावर आला. आईचा हात सवयीनं ओढणीसकट वर गेला होता. तो तिनं मध्येच थांबवला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

“पप्पा,” मी बाटली खाली करून साध्या आवाजात म्हटलं, “तालुक्याच्या मोठ्या मैदानाचं निवेदन यंदा माझ्याकडं आहे. पहिलीच मुलगी.”

मग काय विचारता! धरणाचे सगळे दरवाजे उघडले. “माझी ओवी... हजेरीला बोलत नव्हती...” एवढंच ते म्हणू शकले. आत्या रडली, आई रडली. अक्काताई तर काय, त्यांचं रोजचंच. घाटगेकाका डबा वाजवत वाजवत रडले.

मग रोज चार वाजता वॉर्डात हाच धंदा. सगळे त्याला “पाणी सुटायची वेळ” म्हणायचे. मी शाळेतून मिसबाह आणि ज्ञानदाला घेऊन यायचे. मिसबाह सरांच्या नकला करते, ज्ञानदा तिच्या आजोळच्या बाळंतपणांच्या रडक्या गोष्टी सांगते. कुणाला हसून पाणी यायचं, कुणाला रडून. एक देशमुखसाहेब होते, ते कशालाच ढिम्म हलायचे नाहीत. पण घरून त्यांच्या कुत्र्याचा व्हिडिओ आला आणि उशी भिजली.

पप्पांचा खड्डा आधी वाढायचा थांबला. मग भरायला लागला. आणि एका सकाळी मॅडमनी कापसाचा तंतू टेकवला, तसे पप्पा दचकले.

“ए! काय टोचालंय?”

मॅडमनी परत टेकवला. पापणी फडकन मिटली. मॅडम एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण त्यांनी तिथंच उडी मारली. मी स्वतः बघितलं.

त्यांनी मग हे रीतसर तपासायला घेतलं. एका वॉर्डात नेहमीचे थेंब, दुसऱ्यात थेंब आणि चार वाजताचं पाणी. सहा महिन्यांत फरक पडद्यावर दिसायला लागला. पाण्याच्या वॉर्डात नसा जवळजवळ दुप्पट वेगानं आत येत होत्या. आता पाच रुग्णालयं तेच करून बघतायत. “अजून बरंच सिद्ध व्हायचंय,” असं मॅडम दर वाक्यानंतर म्हणतात. पण आता त्या रुग्णालयात “रडू नका” असं कुणी म्हणालं तर सिस्टर त्याला बाहेर काढतात.

पप्पांना घरी सोडलं तेव्हा जाता जाता मी मॅडमना अजून एक विचारलं होतं. “हसून येतं ते पाणी आणि रडून येतं ते पाणी एकच असतं का? नसांना कुठलं जास्त लागतं?” मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मला माहीत नाही. आणि ज्याला माहीत आहे असं अजून कुणी मला भेटलेलं नाही.”

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात घुमतंय.

पाणीपुरी मी वसूल केली, पोट फुटेपर्यंत. तालुक्याचं मैदानही गाजवलं. पप्पा पहिल्या रांगेत होते आणि बायकांपेक्षा जास्त रडले. दहावीचा निकाल लागला. आणि काल संध्याकाळी आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, पप्पा बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होते. मध्येच पेपर खाली आला.

“कांदा चिरालीस काय गं? डोळ्याला झोंबालंय की!”

आईनं हातातला कांदा टाकला. ती धावत बाहेर आली. पप्पांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. साधं, कांद्याचं. पहिली वाट उघडली होती! आई हसायला लागली, मग रडायला लागली, मग परत आत पळाली आणि घरातले होते नव्हते तेवढे कांदे घेऊन आली. “चिरते, थांबा, अजून चिरते!”

मी ठरवलं, हीच वेळ. पळी घेतली, तोंडाशी धरली आणि पाटावर चढले.

“मंडळीऽऽऽ! पप्पा, टॉवेल लांब ठेवा. आई, कांदे खाली. नीट ऐका, परत पुकारणार नाही! गुऱ्हाळ बघायला दोन डोळ्यांची माणसं आहेत, आणि एका डोळ्याचे पप्पा त्या सगळ्यांना भारी आहेत. म्हणून मी कॉमर्स घेणार नाही. सायन्स घेणार. मैदानाचा माईक सोडणार नाही. आणि हसण्याचं पाणी आणि रडण्याचं पाणी एकच की वेगळं, हे जगात अजून कुणाला माहीत नाही ना? ते मी शोधून काढणार!”